खानापूरच्या रानात एक वर्ष काढावं, की सरळ पीजीच्या अभ्यासाला बसावं?

कणकुंबीचा_पाऊस | १४ जून, रात्री १०:४०

परवा माझी खेड्यातली बारा आठवड्यांची पोस्टिंग संपली. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनची असते ती. आमच्या बॅचमध्ये या बारा आठवड्यांना ‘सुट्टी’ म्हणतात. म्हणजे सही ठोकायची आणि खोलीवर बसून नीट-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे, प्रश्न सोडवायचे. मीही तेच ठरवून गेले होते. दोन जाडी पुस्तकं, टॅब, इअरफोन, सगळा सरंजाम घेऊन. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जंगलाला लागलेलं आरोग्य केंद्र. नाव लिहीत नाही, माणसं लगेच ओळखू येतील.

मे महिन्यात, वळवाचा पाऊस पडून गेलेल्या एका रात्री, पहाटे तीनला गवळीवाड्यावरनं एका मावशींना जीपमधून आणलं. चाळिशीच्या असतील. पोटात कळा, दोन उलट्या. घरी सोडा पाजून झाला होता. डॉक्टर त्या रात्री शेजारच्या केंद्राच्या जादा चार्जवर होते, त्यामुळं इथं मी आणि सिस्टर दोघीच. मी पोट दाबून बघितलं, मऊ लागलं. पित्ताचं इंजेक्शन भरायला घेतलं. सिस्टर म्हणाल्या, “थांब गं. मावशे, रात्री कुठं निजली होतीस?”

“भुईवरच की.”

“वर बघ बघू माझ्याकडं.”

मावशींनी मान वर केली. पापण्या निम्म्यावरच राहिल्या.

“मण्यार,” सिस्टर म्हणाल्या. अंगभर बॅटरी मारून बघितलं, चावल्याची खूण कुठंच नाही. मण्यार चावलेली बहुतेक वेळा कळतच नाही, खूण दिसत नाही, पोट मात्र दुखतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

आवारात मोबाइलची रेंज फक्त फणसाखाली येते. आशाताई फणसाखाली उभ्या राहून डॉक्टरांना फोनवर विचारत होत्या आणि उत्तर ओरडून आत सांगत होत्या. सलाईनमधून प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या, ॲड्रेनलिन भरून ट्रेमध्ये तयार, ॲट्रोपिन, निओस्टिग्मिन. १०८ येईपर्यंत मावशींना थुंकीही गिळता येईना. बेळगावापर्यंत मी अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत बसले होते. जांबोटीच्या वळणांवर एका हातानं गाडीची कड धरायची आणि दुसऱ्यानं बॅग दाबायची. दोन दिवस मनगट वळत नव्हतं. मावशी पाच दिवस व्हेंटिलेटरवर होत्या, मग उठून घरी आल्या.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. पंधरा दिवसांनी मावशींचे मालक परत आले. आभारबिभार काही नाही. नातवाला ताप होता. खानापूरला न्यायचं सोडून इकडं कसे आलात विचारलं, तर म्हणाले, “बाई हाय असं कळालं, म्हणून आलो.”

तेवढं वाक्य डोक्यातनं जात नाही.

पूर्वी कर्नाटकात एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा सक्तीचीच होती. २०१२ चा कायदा, २०१५ पासून लागू झालेला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जागा रिकाम्या असतील तेवढ्यांनाच बोलवायचं ठरलं. म्हणजे मी गेले नाही तर मला कुणी विचारणार नाही. गेले तर ते माझ्या मनानं. सक्ती होती तेच बरं होतं असं आता वाटतंय, घरी सांगायला सोपं गेलं असतं! आई म्हणते, “एवढं शिकलीस ते परत रानात जायला काय?” बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त जड जातंय.

ज्यांनी असं वर्ष काढलं ते का गेले? जे नाही गेले ते का नाही? खरं खरं सांगा. भाषण नको.

थेट_बोलतो | १४ जून, रात्री ११:१५

भाषण नको म्हणालात म्हणून थेट. कोण जातं? ज्याला पीजीची सीट हवी असते तो. सरकारी नोकरीत राहून दुर्गम भागात काम केलं की जुन्या मेडिकल कौन्सिलच्या (एमसीआय) नियमात वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढीव गुण मिळायचे. ३१ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं निकाल दिला, की सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पीजीत वेगळा कोटा ठेवता येतो. माझ्या ओळखीचे तिघं केंद्रावर आहेत. तिघांच्याही टेबलावर रुग्णाच्या केसपेपराखाली पीजीच्या एमसीक्यूचं (पर्यायी प्रश्नांचं) पुस्तक असतं.

त्यात वाईट काय? काहीच नाही. फक्त त्याला ‘तळमळ’ म्हणू नका.

जांबोटी_कट्टा | १५ जून, सकाळी ७:०५

थेटराव, तुमच्या त्या पुस्तकवाल्या डॉक्टरला आमच्याकडं धाडा. पुस्तक केसपेपराखाली असू दे नाहीतर डोक्याखाली, आमची काही हरकत नाही. रात्री दार उघडलं म्हणजे झालं.

मी मास्तर. तालुक्यातल्या मराठी शाळेत २२ वर्षं काढली. आमच्या केंद्रावर आलेल्या डॉक्टरांची नावं मला पाढ्यासारखी पाठ आहेत, कारण प्रत्येकाच्या स्वागताचा हार मीच आणलाय आणि निरोपाचाही मीच. एक जण तर हार वाळायच्या आत गेला. पावसाळ्यात आमच्या रानातल्या काही वाड्यांना रस्ता नसतो. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, त्याच्या आतल्या गावांना पक्का रस्ता करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. माणूस आजारी पडला की दोन बांबू आणि घोंगडं बांधून चौघं खांद्यावर घेतात आणि चिखलातनं रस्त्याला आणतात. एवढं करून आणायचं आणि केंद्राला कुलूप. मग पुढच्या वेळी त्या चौघातला एक म्हणतो, नको, देवऋष्याकडंच जाऊया, तो तरी घरात असतो.

आता गावाची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. डॉक्टर टिकत नाहीत त्यात आमचाही हात आहे. खोटी सर्टिफिकेटं मागायला आम्हीच जातो. पोरगा दारू पिऊन गाडीवरनं पडला की दवाखान्यात जाऊन आवाज चढवणारेही आम्हीच. आणि क्वार्टर! मंगळुरी कौलं, निम्मी फुटलेली. मागच्या मॅडम पलंगावर छत्री उघडून झोपायच्या. पंचायत म्हणते हे आरोग्य खात्याचं, खातं म्हणतं बांधकाम विभागाचं. शेवटी आम्ही वर्गणी काढून कौलं बदलली, तोवर मॅडमची बदली होऊन गेली होती. सध्या त्या क्वार्टरमध्ये शेजारच्यांचं भात भरून ठेवलंय.

पोरी, तुझ्या आईला म्हणावं, रान म्हणू नका त्याला. आम्ही राहतो की तिथं.

मिरज_पॅसेंजर | १५ जून, सकाळी ९:३०

मी निपाणीत प्रॅक्टिस करतो, ३५ वर्षं होतील. त्याआधी दीड वर्ष सरकारी केंद्रावर होतो. मला विचाराल तर खेड्यात टिकवतं ते कुतूहल. दयामाया दोन-तीन महिन्यांत आटते, कुणाचीही. माझी आटली होती.

हिम्मतराव बावस्करांचंच घ्या. महाडजवळच्या सरकारी केंद्रात नोकरी करत होते. विंचू चावून धडधाकट माणसं का मरतात हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. ते रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपणं काढायचे. त्यातून पुढं प्राझोसिन या औषधाचा उपाय निघाला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०२२ ला पद्मश्री मिळाली. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसून हे होणारच नव्हतं, कारण तिथवर विंचू चावलेला माणूस जिवंत पोचतच नव्हता.

तुमच्या मण्यारीचंही तसंच आहे. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार झालाय. तुमचा तो फॉर्म कुठंतरी मोजला जाणार आहे. तो नुसता भरून पाठवू नका, एक प्रत स्वतःकडं वहीत लिहून ठेवा. कुठल्या वाडीवर, किती वाजता, भुईवर की खाटेवर, किती वेळानं पोचला. वर्षभर लिहिलंत तर कॉलेजातल्या विभागप्रमुखांना सुचणार नाही असं काहीतरी तुम्हाला दिसेल.

इथं निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका येतात. पाठ वाकलेली, बोटांची टोकं तंबाखूनं काळपट, खोकला जुना. पहिली पाच वर्षं मी त्यांना खोकल्याचं औषध देत होतो. मग एकदा एकीच्या घरी गेलो तर ज्या खोलीत विड्या वळायच्या तिथंच पाळणा टांगलेला. त्यानंतर माझे प्रश्न बदलले.

थेट_बोलतो | १५ जून, सकाळी ९:५२

झालं, बावस्कर आले. आता बंग, आमटे, कोल्हेही येतील रांगेनं.

जांबोटी_कट्टा | १५ जून, सकाळी १०:१०

या एका गोष्टीत मी थेटरावांच्या बाजूनं. ही माणसं थोरच, नमस्कार आहे. पण दरवेळी पोरांपुढं हेमलकसा आणि गडचिरोली ठेवलं की पोरं म्हणतात, आपल्याच्यानं हे व्हायचं नाही, आणि मोकळी होतात. आम्हाला जन्मभराचा त्याग नकोय हो कुणाचा. चार वर्षं टिकणारा, बरा, साधा डॉक्टर हवाय. बीपीची गोळी दर सहा महिन्यांनी बदलणार नाही असा.

आता_पुण्यात | १५ जून, दुपारी २:२०

मी गेलो होतो आणि आठ महिन्यांत परत आलो. धाग्यात एक तरी पळपुटा हवा, म्हणून लिहितोय.

मी चिकोडी भागात कंत्राटी डॉक्टर होतो. जाताना मनापासून गेलो होतो. माझे आजोबा त्याच बाजूचे, उसाचं शेत होतं, त्यामुळं परकं काही नव्हतं. पगारासाठी सोडलं असं घरचे समजतात, तसं नाही. पगार बरा होता, तीन-तीन महिने उशिरा यायचा एवढंच.

मी सोडलं ते एकटेपणामुळं. गावातल्या एकटेपणाचं म्हणत नाही, गावात लोक जेवायला बोलावून बोलावून जीव नकोसा करतात. डॉक्टर म्हणून एकटं पडणं वेगळं. रात्री दोन वाजता बाळंतपणात झटके यायला लागले. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, रेफरची चिठ्ठी लिहिली, पण मी केलं ते बरोबर की चूक हे विचारायला एक माणूस नाही. मोठ्या रुग्णालयात फोन केला तर पलीकडचा रेसिडेंट म्हणतो, “पाठवून द्या,” आणि ठेवतो. बाई वाचली का, बाळाचं काय झालं, हे मला कधीच कळायचं नाही. आठ महिन्यांत मी पाठवलेल्या एकाही रुग्णाची परतीची चिठ्ठी मला आली नाही. एकही नाही. दर वेळी विहिरीत दगड टाकायचा आणि आवाज ऐकू येत नाही असं ते काम होतं.

दिवसा पोर्टल. आरसीएच (माता-बाल आरोग्याचं), निक्षय (क्षयरोगाचं), आणखी चार. दुपारची ओपीडी संपवून मी रात्री नऊपर्यंत आकडे भरायचो. केंद्राची मर्यादा कागदावर ३०,००० लोकसंख्येची, डोंगराळ भागात २०,०००. माझ्याकडं शेजारच्याचा चार्ज धरून किती होती ते मी मोजायचंच सोडलं.

मुली, तू ती अँब्यू बॅग दाबत गेलीस ना, म्हणजे तुझ्या मावशींचं पुढं काय झालं ते तुला कळलं. ते फार मोठं आहे. जायचं ठरवलंस तर बेळगावच्या रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत तुझ्या बॅचचा एक मित्र पकडून ठेव. रोज रात्री फोन करून “माझ्या पेशंटचं काय झालं” एवढंच विचार. मला असा कुणी असता तर मी टिकलो असतो असं अजून वाटतं. माझ्या बायकोला मात्र हे वाचायला देऊ नका कुणी.

निवृत्त_सिस्टर | १५ जून, संध्याकाळी ६:४५

मोबाइलवर लिहिते, चुका पोटात घाला. ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली २६ केंद्रावर, बाकी तालुक्याला. हाताखालनं किती डॉक्टर गेले ते देवाला ठाऊक.

डॉक्टर राहणार की जाणार ते मला पहिल्या आठ दिवसांत कळायचं. सामान बघायचं. ज्याची बॅग महिनाभर पलंगाखाली तशीच, तो जाणार. ज्यानं आल्या आल्या खिळे ठोकून दोरी बांधली आणि बनियन वाळत घातलं, तो वर्षभर तरी राहणार. एक डॉक्टर आले ते कुकर घेऊनच आले. मी त्याच दिवशी आशांना सांगितलं, हे राहतील. पाच वर्षं राहिले. वरण मात्र शेवटपर्यंत जमलं नाही त्यांना.

मुलं का येतात ते मला सांगता येणार नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाचे वडील वेळेवर दवाखाना मिळाला नाही म्हणून गेले होते. एक मुलगी लग्न पुढं ढकलायला आली होती, खरं सांगते. एक नुसता सक्तीच्या सेवेचा बॉण्ड फेडायला आला होता, दारावर दिवसांची कॅलेंडरपट्टी लावून रोज एक दिवस खोडायचा. मार्चमध्ये कधीतरी खोडायचं विसरला. मी काही बोलले नाही. त्या महिन्यात आमच्याकडं गोवराची साथ होती आणि तो रोज माझ्याबरोबर मोटरसायकलवरनं वाड्यांवर येत होता. सक्तीनं आलेलाही रमतो. मनानं आलेलाही पळतो.

पहिली रात्र महत्त्वाची. नव्या डॉक्टरची पहिली अवघड केस जर सगळ्यांनी मिळून निभावली तर तो आमचा झाला. पहिल्याच रात्री सिस्टर रजेवर, ड्रायव्हर गायब, ऑक्सिजन रिकामा असं झालं तर त्याचं मन उडतं ते परत बसत नाही. म्हणून नवा डॉक्टर आला की पहिला महिना मी रजा घ्यायची नाही. दोन लग्नं बुडवली माझ्या माहेरची.

आणि डॉक्टरला चूक दाखवायची असेल तर पेशंटसमोर दाखवायची नाही. कणकुंबी, तुझ्या सिस्टरनं “थांब गं” म्हणून पेशंटलाच प्रश्न विचारला. तुला चूक म्हटलं नाही. हुशार बाई आहे.

दूधगंगा_काठ | १५ जून, रात्री ९:३०

माझी गोष्ट जरा उलटी आहे.

माझं गाव निपाणी तालुक्यात. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत बसतं. या गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात वैद्यकीयच्या काही जागा राखीव असतात. मला त्यातनं सरकारी कॉलेजात सीट मिळाली. फॉर्म भरताना बाबा म्हणाले होते, “डॉक्टर होऊन गावातच ये, दूधगंगेला पूर आला की आपलं केंद्र बेट होतं.” २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी फर्स्ट इयरला होते आणि गावच्या शाळेतल्या छावणीत ओआरएसच्या पुड्या वाटत होते. तेव्हाच मनात पक्कं झालं. २०२१ ला परत तेच.

मग एमबीबीएस झालं आणि बॉण्ड आला. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजचा बॉण्ड एक वर्षाचा, नाहीतर १० लाख भरा. तो अर्थातच महाराष्ट्रात करायचा. मी सह्याद्रीच्या अंगानं असलेल्या एका केंद्रावर वर्ष काढलं. चांगलं होतं सगळं, लोक मायाळू होते. पण सुटीला घरी आले की आई सांगायची, आपल्या केंद्राला चार महिने डॉक्टर नाही. सीमाभागाची मुलगी म्हणून सीट, आणि सेवा सीमेच्या पलीकडं. हसावं की रडावं!

परत यायचं म्हटलं तर डॉक्टर म्हणून नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून कर्नाटकच्या कौन्सिलकडं न्यायची, त्याचे कागद. सरकारी कायम नोकरीसाठी कन्नडची परीक्षा. माझं दहावीपर्यंत सगळं मराठीतून. कन्नड बोलता येतं बाजारापुरतं. लिहायला बसले की ‘ळ’ कुठला आणि ‘ल’ कुठला इथूनच सुरुवात.

जे इच्छुक आहेत त्यांना अडवणारं हे एवढंसं असतं. उत्साह कमी पडला असं मग वरनं म्हणतात.

बेळगावी_कुंदा | १५ जून, रात्री ९:४८

म्हणूनच म्हणतो, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतच निकाल नीट लागला असता तर आज ही वेळ आली नसती. महाराष्ट्रात असतो तर दवाखाने बघायला नको.

आता_पुण्यात | १५ जून, रात्री १०:०२

कुंदाभाऊ, महाराष्ट्रातल्या दुर्गम केंद्रांवर एक चक्कर मारून या, मग बोलू. रिकाम्या खुर्चीला भाषा नसते.

बेळगावी_कुंदा | १५ जून, रात्री १०:०५

तुम्ही पुण्यात बसून आम्हाला शिकवू नका.

संपादक | १५ जून, रात्री १०:३१

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, १४०० प्रतिसाद आहेत, तिथं जागा भरपूर. इथले पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्याबद्दलच्या शंकाही त्या धाग्यावर विचारा.

कणकुंबीचा_पाऊस | १६ जून, सकाळी ६:२०

एवढं सगळे लिहाल असं वाटलं नव्हतं. रात्री दोनदा वाचलं.

दूधगंगाताईंनी भाषेचं काढलं म्हणून सांगते. माझं उलटं. मी बेळगाव शहरातली, कन्नड लिहिता-वाचता येतं. आमच्या केंद्रातले डॉक्टर कलबुर्गीकडचे, फार चांगले, पण मराठी येत नाही. तिथले पेशंट मराठी, थोडे कोंकणी. केसपेपर कन्नडमध्ये. पहिल्या आठवड्यात माझं काम म्हणजे मधे उभं राहून ‘पोट दुखतंय’ला ‘होट्टे नोवू’ म्हणणं. तेवढं सोपं होतं. पण एक बाई आली आणि म्हणाली, “अंगावर जातंय, आणि जीव नुसता कसंतरी होतोय.” याचं कन्नड काय करणार? मी शब्दशः काहीतरी सांगितलं. डॉक्टरांनी ‘अशक्तपणा’ लिहून लोहाच्या गोळ्या दिल्या. बाई उठली, दारापर्यंत गेली, आणि मला राहवलं नाही म्हणून मागं जाऊन विचारलं, किती दिवस जातंय? म्हणाली, “संक्रांतीपासनं.” तेव्हा मे चालू होता. पुढच्या तपासण्या बेळगावात झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती.

त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, इथं माझी गरज आहे. दोन, मी इथून गेल्यावर त्या डॉक्टरांच्या शेजारी कोण उभं राहणार. दुसरी जास्त टोचते. आमच्या अभ्यासक्रमात आता फॅमिली ॲडॉप्शन आहे, पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं. आमच्या ज्युनिअर्सना विचारलं तर म्हणतात, बसनं जायचं, बीपी मोजायचा, फोटो काढायचा, परत. त्यातल्याही एकीनं सांगितलं, की तिच्या पाचपैकी एका घरातली आजी तिला रविवारी फोन करते. बाकी चार घरांची नावं तिला आठवत नव्हती.

थेट_बोलतो, तुमचं गणित मी मांडून बघितलं. एक वर्ष गेलं तर बॅचमेट माझ्या पुढं जातील, हे खरंच आहे. त्याची भीती वाटते. लिहूनच टाकते.

मिरज_पॅसेंजर | १६ जून, सकाळी ८:४०

बॅचमेट पुढंच जातात. माझे तिघं अमेरिकेत आहेत. त्यातला एक मला अजून फोन करून विचारतो, गळूला चीर द्यायची हिंमत तुला कधी आली? त्याला इतक्या वर्षांत गळू बघायलाच मिळालेलं नाही म्हणे.

थेट_बोलतो | १६ जून, दुपारी १२:१५

गणित परत मांडतो मग. सेवेतली वर्षं कोट्यासाठी धरायची असतील तर नोकरी नियमित लागते, कंत्राटी धरतात की नाही ते आधी लेखी विचारून घ्या. नेमणुकीच्या पत्रावर तारीख आणि ठिकाण दोन्ही असू द्या. ‘जादा चार्ज’ तोंडी घेऊ नका. पगार थकला तर दर महिन्याला अर्ज देऊन पोच घ्या, पोच फेकू नका.

माझ्या मोठ्या भावानं केली होती दोन वर्षं. कारवारकडं. त्याचं सगळं यातच अडकलं होतं, म्हणून माहीत आहे.

जांबोटी_कट्टा | १६ जून, दुपारी १२:४०

अहो थेटराव, हे आधी नाही का सांगायचं! मी दोन दिवस तुमच्यावर दात खाऊलोय.

पोरी, तू ये नाहीतर नको, पण एक काम कर. आमच्या शाळेतनं दोन पोरी यंदा अकरावी सायन्सला गेल्यात बेळगावात. एक धनगराची. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा आता मराठीतनंही देता येते हे तिच्या बापाला कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी तासभर तिला बायोलॉजी सांगशील का? खेड्यातली पोरं परत खेड्यात यायची शक्यता जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१० च्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय, २०२१ ला परत लिहिलं. आम्ही न लिहिता सांगत होतो ती गोष्ट वेगळी.

कणकुंबीचा_पाऊस | १६ जून, रात्री ९:१०

मास्तर, येते. रविवारी दहा वाजता. तिला फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवायला सांगा.

दूधगंगाताई, तुम्हाला कन्नड मी शिकवते, बदल्यात तुम्ही मला बॉण्डच्या वर्षात एकटीनं काय काय निभावलंत ते सांगा. ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा) पासून सुरू करू, ते बाजारापुरतं नाही, ओपीडीपुरतं आहे.

आज दुपारी बाबांना सिस्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कुकरवाल्या डॉक्टरांपाशी हसले. मग उठून माळ्यावर काहीतरी शोधायला चढले. खाली आले ते लष्करातल्या काकांची जुनी लोखंडी ट्रंक घेऊन. कुलूप गंजलंय, तेल घालून ठेवलंय रात्रभर. अजून अर्ज केलेला नाही, हं. आईशी बोलायचंय.

सिस्टर, समजा गेलेच, तर सोबत काय न्यायचं?

निवृत्त_सिस्टर | १६ जून, रात्री ९:५५

दोन बॅटऱ्या, एक नाही. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोवता येईल एवढी मोठी, आणि खाटेवरच झोप, भुईवर नाही. गमबूट. मेणबत्त्या. घट्ट झाकणाचे डबे, पापड चार दिवसांत मऊ पडतात. जुलैत रस्ता गेला की सिलिंडर येत नाही, म्हणून एक स्टोव्ह असू दे. स्टोव्हच्या पिना विसरू नकोस, खानापुरात मिळतात, वर मिळत नाहीत.